सुराची पाती

पौष लागला की माझ्या दारात सनया येतात. मार्गशीर्षातली लग्नं उरकलेली असतात, माघातली अजून लांब असतात, मधला महिना भाकड. या महिन्यात कोणी शुभ काही करत नाही, म्हणून सनईवाल्यांना घरी बसावं लागतं. घरी बसल्यावर त्यांना पहिली आठवण होते ती फाटलेल्या पातीची. मग ते कसब्यातल्या आमच्या बोळात येतात, ओट्यावर उन्हाला बसतात, एकमेकांच्या साथीदारांची निंदा करतात, आणि मी पात्या बांधते.

पाती म्हणजे सनईची जीभ. ताडाच्या पानाचा बोटभर तुकडा घ्यायचा, भिजवायचा, दुमडायचा, बारीक नळीवर दोऱ्यानं आवळायचा आणि सुरीनं तासायचा. याहून त्यात जास्त काही नाही. साळूबाईच्या हातात जादू आहे असं लोक म्हणतात. हातात सुरी आहे. जादू असती तर बोटांना इतक्या चिरा पडल्या नसत्या.

काल धोंडजी आला होता. एका सरदारांच्या वाड्याच्या दरवाजावर नगारखाना आहे, तिथे तो सूर धरतो. सनईला माणसं दोन लागतात. एक राग वाजवतो. दुसरा एकच स्वर न तोडता शेवटपर्यंत धरून बसतो, त्याला सूर धरणं म्हणतात. ऐकणारे पहिल्याकडे बघतात. दुसरा आहे हे त्यांना तो थांबला तरच कळतं.

धोंडजीनं नवी पाती तोंडात धरून पाहिली आणि काढली.

"साळूबाई, ही पाती आहे का पाटा?"

"सुराची आहे."

"त्या वाजवणाऱ्याला लोण्यासारखी बांधून देता, आणि मला ही. मागच्या पौषातही अशीच. ओठ सोलवटले माझे. काय वैर आहे तुमचं?"

"मऊ हवी असेल तर बुधवारात एक जण बांधतो. तिकडे जा."

"तिकडे गेलो असतो, तर इथे थंडीत कुडकुडत बसलो असतो का?"

"मग बडबड कमी कर. दम जपून ठेव."

ओट्यावरचे हसले. धोंडजी पाती फडक्यात गुंडाळून घेऊन गेला. सुराची पाती मी इतकी टणक का बांधते, हे तो दर वर्षी विचारतो, पण उत्तरासाठी थांबत नाही. थांबला असता तरी मी सांगितलं असतं असं नाही. त्यासाठी एका पौषाची हकीकत सांगावी लागते, आणि ती माझ्या बाजूची नाही.

त्या पौषात मी एकोणीस वर्षांची होते आणि माझा भाऊ हैबती सतरा. माझं लग्न होऊन गेलं होतं. नवरा उत्तरेकडच्या मोहिमेवर गेला तो परतला नाही. मेल्याची खबरही आली नाही. सासरच्यांनी दोन वर्षं वाट पाहिली आणि मला माहेरी आणून सोडलं. कुंकू लावावं की पुसावं हे कोणी सांगितलं नाही, म्हणून लावत राहिले. त्याचा चेहरा मला नीट आठवत नाही. पागोट्याचा रंग आठवतो.

माहेरी परत आलेल्या बाईला कामं पुष्कळ असतात. तिच्याशी बोलायला मात्र कोणी रिकामं नसतं. आई चुलीपाशी, आबा नगारखान्यात, शेजारणी आपापल्या सासवांच्या धाकात. मी पाणी भरायची, दळायची, आईनं तासलेल्या पात्यांना दोरा गुंडाळायची. कधी कधी संध्याकाळी लक्षात यायचं की आज आपला आवाज आपल्याच कानावर पडलेला नाही.

आबा याच वाड्यावर सनई वाजवत. तीस वर्षं वाजवली. त्या वर्षी त्यांना खोकला लागला आणि दम पुरेना. वाड्याचे दरोगे, म्हणजे नगारखान्याचे मुख्य, भले होते. त्यांनी सांगितलं, "रथसप्तमीला मुलाला घेऊन या. ऐकू. उतरला तर तुमची जागा त्याची. नाही उतरला तर साताऱ्याहून एक जण येतो म्हणतोय." मार्गशीर्ष संपत आला होता. हातात पौष होता आणि माघातले सहा दिवस.

हैबतीमध्ये गुण होता, यात शंका नाही. एकदा ऐकलेलं त्याच्या कानातून निघत नसे. बोरं विकणाऱ्या बाईची हाक त्यानं एकदा घरात बसून सनईवर अशी काढली, की शेजारीण टोपलीत जोंधळे घेऊन बाहेर आली आणि बोळात कोणी नाही बघून त्यालाच चार शिव्या देऊन गेली. वासुदेव दारावरून गेला की त्याचं गाणं पुढच्या वळणावर पोचायच्या आत हैबतीच्या सनईत आलेलं असे. बोटं अशी, की बघत राहावं. पण दम तुटायचा. आणि चुकलं की तो सनई खाली ठेवून निघून जायचा, थेट नदीवर. गुणी माणसाला आपली चूक सोसत नाही. मेहनत म्हणजे तर रोज पहाटे उठून चूक करायला बसणं.

आबांनी त्याला दमासाठी जुनी रीत लावून दिली. काशाच्या वाटीत पाणी घ्यायचं, एरंडाच्या पानाचा पोकळ देठ त्यात बुडवायचा आणि फुंकत राहायचं. बुडबुडे थांबता कामा नयेत. श्वास संपत आला की गाल फुगवून त्यातली हवा सोडायची, तेवढ्यात नाकानं नवा श्वास भरायचा. लोहाराचा भाता चालतो तसं. ऐकायला सोपं आहे. करायला गेलं की पाणी नाकात जातं.

प्रश्न होता सूर कोण धरणार. आबांना धरवेना. बाहेरचा माणूस रोज पहाटे कोण येणार? आबा माझ्याकडे वळले.

"साळे, तू धर."

आई चुलीपाशी बसूनच म्हणाली, "बाईमाणसानं सनईला तोंड लावायचं?"

"सूर धरणं म्हणजे वाजवणं नव्हे," आबा म्हणाले. "दळताना जात्याचा खुंटा धरते ना, तसं आहे ते."

असा निवाडा झाला. मग मीही एरंडाचा देठ घेऊन हैबतीसमोर बसले. सहाव्या दिवशी माझे बुडबुडे थांबेनासे झाले. हैबतीला तीन आठवडे लागले. यात माझं कौतुक नाही. मला दुसरं काही करायचं नव्हतं आणि चुकल्याची लाज वाटायला मला कोणी बघतही नव्हतं.

आमच्या घरात वेळ मोजायला भाकऱ्या होत्या. आई पहाटे बाजरीच्या सहा भाकऱ्या करायची. पहिलीचं पीठ परातीत पडलं की मी सूर लावायचा, सहावी तव्यावर फुगली की सोडायचा. मध्ये तुटता कामा नये. पलीकडच्या आळीत तांबटांच्या हातोड्या सुरू व्हायच्या आत हे सगळं उरकावं लागे. एकदा तांबट लागले की देवालासुद्धा सूर सापडायचा नाही. थंडी अशी असे, की ओठ फुटायचे. आम्ही दोघं ओठांना लोणी लावून बसायचो. पाती कोमट पाण्यात भिजवून तोंडात धरली की तिचा आधी तुरट आणि मग गवतासारखा वास यायचा. तो वास आजही नाकात गेला की माझी पाठ आपोआप ताठ होते.

आता चूक सांगते.

सूर लावायला लागल्यावर चौथ्या का पाचव्या पहाटेची गोष्ट. हैबती वरच्या स्वराकडे चढत गेला आणि तिथे पोचल्यावर केसभर पुढे सरकला. माझ्या सुराशी त्याचं घासलं. दोन स्वर असे शेजारी शेजारी आले की हवेत एक खरखर उठते, दातांखाली वाळू आल्यासारखी. त्याला ती कळली. त्याच्या कपाळावर आठी आली. आता हा सनई ठेवणार, नदीवर जाणार, आजचा दिवस गेला, हे मला दिसलं. आणि मी ओठ जरासे आवळले. पाती मऊ होती. सूर केसभर वर गेला आणि हैबतीला जाऊन मिळाला. खरखर थांबली. त्याची आठी गेली. डोळे मिटून तो पुढे वाजवत राहिला, आणि काय वाजवलं त्यानं त्या पहाटे!

सूर हलत नसतो. भोवतीचं सगळं हलतं म्हणून तर तो धरायचा. हे सनईवाल्याच्या घरातलं रांगतं मूलही सांगेल. पण त्या पहाटे हैबती सनई ठेवून उठला नाही, आणि मला वाटलं, मी काही चांगलं केलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं. मग रोज. तो वर सरकला की मी वर, तो खाली आला की मी खाली, दम न तोडता, कोणाला कळू न देता. पौषाच्या मध्यावर मी त्यात इतकी तरबेज झाले, की तो सरकायच्या आधी त्याच्या भुवईवरून मला कळायचं. माझ्या वाट्याला जे काही कसब आलं ते सगळं मी एवढ्यासाठी खर्चलं. नगारखान्यात कोणी तसं करू शकलं नसतं. करायला नकोच होतं, हा भाग वेगळा.

आबा मागे कांबळं पांघरून बसत. मान डोलवत. "सुरेल," म्हणत. तीस वर्षं नगाऱ्याच्या शेजारी बसलेल्या माणसाचे कान. मोठं काही बिघडलं तर त्यांना ऐकू यायचं. केसभराचं अंतर त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं.

आईला ऐकू यायचं. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, तिनं तीळ लावलेली भाकरी तव्यावर टाकली आणि पाठ न वळवता विचारलं, "साळे, आज सूर वर गेला होता का?"

"नाही."

"थंडीनं जाईल एखाद्या वेळी."

"नाही गेला."

"बरं," आई म्हणाली, आणि भाकरी उलटली.

मी तेव्हा खरं बोलले असते तर अजून बावीस दिवस होते. बावीस दिवसांत बरंच सुधारतं. पण मग दुसऱ्या पहाटे हैबती नदीवर गेला असता आणि मी एकटी पाटावर बसले असते. मला ते नको होतं. दिवसातून सहा भाकऱ्या होईपर्यंत कोणीतरी माझ्या आधारानं उभं असे, आणि तेवढंच मला होतं. त्याच्या भल्यासाठी केलं असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. तेही होतं. पण सगळं तेच नव्हतं.

रथसप्तमीला हैबती आबांबरोबर वाड्यावर गेला. आई आणि मी दरवाजाबाहेर पिंपळाच्या पाराशी उभ्या राहिलो. वर नगारखान्यात सूर धरायला सोनबा होता, आबांचा जुना साथीदार. दगडी माणूस. त्यानं सूर लावला आणि तो जो लागला तो लागलाच.

हैबतीनं सुरुवात केली. पहिलं आवर्तन गेलं. मग तो वर चढला, केसभर पुढे सरकला, आणि थांबला.

तो सुराकडे आला नाही. सूर आपल्याकडे येईल म्हणून तो वाट बघत राहिला.

खाली उभ्या उभ्या माझे ओठ आवळले गेले. तोंडात पाती नव्हती, सनई नव्हती, तरी मी त्याला गाठायला निघाले होते. वर ती खरखर चालूच होती. रस्त्यावरून जाणाऱ्या दोघांनी वर पाहिलं. हैबतीनं स्वर खाली आणून पाहिला, तो जास्तच खाली गेला. सोनबा हलला नाही. सोनबाची काही चूक नव्हती.

दरोग्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हात फार गोड आहे. सुराची आणि याची मात्र अजून ओळख झालेली दिसत नाही. झाली की या." पुढच्याच आठवड्यात साताऱ्याचा माणूस आला.

घरी आल्यावर हैबती माझ्यासमोर पाटावर बसला.

"अक्के, तू सूर हलवत होतीस?"

"हो."

"कधीपासून?"

"चौथ्या दिवसापासून."

तो ओरडेल असं मला वाटलं होतं. त्यानं नुसतं विचारलं, "का?" आणि मी म्हणाले, "तू उठून जाशील म्हणून." त्यावर तो उठला आणि गेला. आई चुलीत फुंकर घालत होती. ती म्हणाली, "मी विचारलं होतं." या विषयावर ती पुढे आयुष्यात एक शब्द बोलली नाही.

आबा पुढच्या पावसाळ्यात गेले. हैबती रोज पहाटे सोनबाच्या घरी जाऊ लागला. सोनबाचं घर मागच्याच बोळात. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू यायचं. पहिले चार महिने ऐकवत नव्हतं. तो घसरायचा, खरखर उठायची, सोनबाचा सूर तसाच, मग हैबती कुरकुरत, अंग चोरत त्याच्याकडे यायचा. सनई ठेवून निघून जाणं बंद झालं. सोनबा त्याला म्हणायचा, "बाळा, मी इथेच आहे. तू फिरून ये." सहा महिन्यांनी खरखर कमी झाली. वर्षानं मी एका पहाटे पीठ मळता मळता थांबले, कारण भिंतीपलीकडे दोन सनया आहेत की एक, हे मला सांगता येईना. लोक गुण गुण म्हणतात. गुण त्याच्याकडे आधीही होता. त्या वर्षभरात त्यानं जे मिळवलं ते रोज त्याच एका जागी चुकून, आणि त्याच एका जागी परत येऊन.

माझी सुराची सनई खुंटीला टांगलेली होती. तिला कोणी काही विचारलं नाही, मलाही नाही.

पुण्यात जागा नव्हती, म्हणून तो माळव्यात गेला. तिकडच्या गोष्टी वाऱ्यावर यायच्या. लष्कराबरोबर आलेले लोक सांगायचे, तुमच्या हैबतीची सनई लागली की हत्तीचा माहूत अंकुश टेकून उभा राहतो. सनईवाले हत्तीपेक्षा लहान काही सांगत नाहीत, त्यामुळे मी निम्मं सोडून द्यायची. तरी निम्मं उरायचं.

बारा वर्षांनी तो आला, पौषातच. आई तोवर गेली होती. अंगावर शेला, हातात कडं, कानावरचे केस पिकलेले. मला वाटलं होतं पुष्कळ बोलू. आम्ही दोघांनी भाकरी खाल्ली. मग तो म्हणाला, "एक पाती बांधून दे. तिकडे चांगली मिळत नाही."

बांधून दिली. त्यानं ती भिजत घातली, माझ्या डब्यातली आणखी एक मऊ पातीही घातली, आणि उठून खुंटीवरची सुराची सनई काढून माझ्या हातात दिली.

"धर."

"तेव्हापासून लावलेली नाही."

"धर तर."

मी धरली. दम होता. तो जात नाही. तो वाजवायला लागला, आणि त्याबद्दल मी काही सांगणार नाही, मला ते जमणार नाही. बऱ्याच वेळानं तो वरच्या स्वरावर गेला आणि मुद्दाम केसभर पुढे जाऊन उभा राहिला. माझ्याकडे बघत. खरखर उठली. पाती मऊ होती. ओठांना वाट माहीत होती, ते निघालेच होते. मी त्यांना धरून ठेवलं. तो उभा, मी बसलेली, मध्ये ती वाळू. किती वेळ ते सांगता येणार नाही, भाकऱ्या करायला कोणी नव्हतं. मग तो हळू खाली आला आणि सुरात मिळाला.

सनई पुसता पुसता तो म्हणाला, "तेव्हा असं धरलं असतंस, तर मी इथेच राहिलो असतो, अक्के."

"हो," मी म्हणाले.

दुसरं काही म्हणण्यासारखं नव्हतं. तो म्हणाला ते रागानं नव्हतं. दोन दिवसांनी तो गेला. पुढच्या चार पौषांत माळव्याकडून येणाऱ्यांबरोबर निरोप आला, पाती पाठव. मी पाठवल्या. पाचव्या पौषात पाती न्यायला कोणी आलं नाही. लष्करातल्या एकानं नंतर कारण सांगितलं. ताप होता म्हणे.

तर म्हणून सुराची पाती मी टणक बांधते. धोंडजीनं ओठ कितीही आवळले तरी ती हलायची नाही. त्याच्या सुरावर वाजवणारा तरुण आहे, गोड वाजवतो, आणि कधी कधी सरकतो. मी घरात बसून ऐकते. धोंडजी मायाळू आहे. मला त्याच्यावर भरवसा नाही.

माझ्या सनईची गोष्ट वेगळी. तिच्यासाठी मी दर पौषात एक पाती बांधते, सगळ्यांत मऊ, लोण्यासारखी, फुंकर बदलली तरी हलेल अशी. पहाटे चूल पेटवायच्या आधी ती भिजत घालते, आणि तांबटांची पहिली हातोडी पडेपर्यंत सूर धरून बसते. आता भाकऱ्या दोनच लागतात, त्या मोजायला पुरत नाहीत. समोर पाट मांडलेला असतो. सवय आहे. पाती मऊ आहे, वाट माहीत आहे, आणि समोर भुवई उचलणारं कोणी नाही.

सूर हलत नाही.